आयल्सन जिथून उडाला, तिथे स्कीचं विमान शिकताना

फेअरबँक्सचं सार्वजनिक वाचनालय आज ज्या जागेवर उभं आहे, तिथे पूर्वी गावाचा विमानतळ होता. वीक्स फील्ड त्याचं नाव. नवऱ्याला इथल्या विद्यापीठात नोकरी लागली म्हणून आम्ही २०१७ साली साताऱ्याहून अलास्कात आलो. पुढची पाच वर्षं मी लेकीसाठी गोष्टींची पुस्तकं आणायला त्या वाचनालयात जात होते, पण ही जागा कसली आहे याचा मला पत्ता नव्हता. २०२२ च्या फेब्रुवारीत एक दिवस बाहेर उणे ३४ अंश होतं. गाडीचं इंजिन गरम होईपर्यंत वेळ काढायचा म्हणून मी स्थानिक इतिहासाच्या कपाटातलं एक जाडजूड पुस्तक उघडलं, आणि त्यात कार्ल बेन आयल्सन भेटला.

नॉर्थ डकोटातल्या हॅटन गावचा हा माणूस १९२२ साली फेअरबँक्सच्या हायस्कुलात शिकवायला आला. पहिल्या महायुद्धात तो लष्करात विमान चालवायला शिकला होता, पण आघाडीवर जायच्या आत युद्ध संपलं. गावातल्या काही व्यापाऱ्यांच्या पाठबळावर एक जुनं जेनी विमान आलं आणि १९२३ च्या जुलैत तो इथे उडू लागला. २१ फेब्रुवारी १९२४ ला त्याने स्की (चाकांऐवजी बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या) लावलेल्या डी.एच.-४ विमानातून अलास्कातलं पहिलं हवाई टपाल मॅकग्राथला नेलं. कुत्र्यांच्या घसरगाडीला ज्या वाटेला १८-२० दिवस लागत, ती त्याने तीन तासांच्या आत कापली. परतताना अंधार पडला, वाट चुकली. लोकांनी मैदानावर शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या, म्हणून गाव सापडलं.

मी अडकले ती मात्र त्याच्या सामानाच्या यादीत. १० दिवसांचं अन्न, मेंढीच्या कातडीची झोपायची पिशवी, बर्फावर चालायचे जोडे, बंदूक, कुऱ्हाड, दुरुस्तीचं सामान आणि ५ गॅलन तेल. तीन तासांच्या प्रवासाला १० दिवसांचा शिधा! ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. हाच आयल्सन पुढे १९२६ पासून ऑस्ट्रेलियन संशोधक ह्यूबर्ट विल्किन्सच्या ध्रुवीय मोहिमांचा वैमानिक झाला, आधी उत्तरेकडे, मग अंटार्क्टिकात. त्या मोहिमांची वर्णनं वाचताना विमान हवेत असल्याची पानं थोडीच सापडतात. उरलेल्या पानांत माणसं फावडी मारतायत, तेल तापवतायत, वाट बघतायत. मला ती उरलेली पानं आपल्या हातांनी समजून घ्यावीशी वाटली. मी तेव्हा ४१ वर्षांची होते आणि विमानात बसले होते ते फक्त प्रवासी म्हणून.

तिथून स्कीच्या विमानापर्यंत पोचायला तीन वर्षं लागली. या वाटेवर पुढचं पाऊल कुठलं हे सांगणारं मराठीत मला काही मिळालं नव्हतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

पहिली पायरी कागदांची. आम्ही तेव्हा व्हिसावर होतो. अमेरिकेत परदेशी नागरिकाला पहिला वैमानिक परवाना काढायचा तर प्रशिक्षण सुरू करण्याआधी वाहतूक सुरक्षा खात्याची मंजुरी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन, शुल्क तेव्हा १३० डॉलर, बोटांचे ठसे देण्याचा खर्च वेगळा. पासपोर्ट, व्हिसा, देशात प्रवेश केल्याची नोंद, मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते. साताऱ्याच्या जुन्या घराचा पत्ता एका ठिकाणी 'पेठ' लिहून आणि दुसऱ्या ठिकाणी न लिहून गेला, एवढ्यावरून अर्ज परत आला. तेव्हा सगळ्या कागदांवर पत्ता एकसारखा आहे ना, हे आधी बघा. मार्च २०२२ मध्ये अर्ज केला, एप्रिलच्या शेवटी मंजुरी आली. तेव्हा मंजुरीपासून १८० दिवसांत शिकवणी सुरू करावी लागे, आणि पहिल्या दिवशी शिकवणारे तुमचा फोटो काढून त्या खात्याला पाठवतात. त्या फोटोत माझे डोळे जरा जास्तच मोठे दिसतात.

वैद्यकीय तपासणी मार्च २०२२ मध्येच. तिसऱ्या वर्गाचं प्रमाणपत्र लागतं. आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि मग मान्यताप्राप्त डॉक्टरकडे जायचं. चाळिशीच्या आत असाल तर ते ६० महिने चालतं, पुढे २४ महिने. म्हणून माझं २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा करावं लागलं. दोन्ही वेळा १५० डॉलर पडले. विम्यात हे बसत नाही.

परवान्याच्या शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर माहिती भरपूर मिळते. कायद्याने किमान ४० तास लागतात. मला ६८ लागले. लेखी परीक्षा ६० प्रश्नांची, १७५ डॉलर, ७० टक्क्यांना पास. दोन उन्हाळे आणि सुमारे १७,००० डॉलर गेले. मधला हिवाळा मी पैसे साठवण्यात आणि अभ्यासात काढला. एक गोष्ट मात्र फक्त अलास्कातली. इथे राहणाऱ्या आणि इथेच शिकणाऱ्या माणसाला रात्रीच्या उड्डाणाचं शिक्षण न घेताही परवाना मिळतो, कारण उन्हाळ्यात अंधारच पडत नाही. परवान्यावर 'रात्री उड्डाण करू नये' असं छापून येतं, आणि १२ महिन्यांत ते शिक्षण पूर्ण केलं नाही तर परवाना वापरता येत नाही. माझी प्रत्यक्ष परीक्षा ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. रात्रीचे तास नोव्हेंबरमध्ये उरकले. तेव्हा दुपारी चारलाच अंधार असायचा, त्यामुळे लेकीच्या जेवणाच्या वेळेला घरी येता यायचं.

मग वर्षभर थांबले. सासूबाईंचं ऑपरेशन, सातारची फेरी, पैशांची ओढाताण. सप्टेंबर २०२४ मध्ये टेलव्हीलचं शिक्षण सुरू केलं. टेलव्हील म्हणजे ज्या विमानाचं तिसरं चाक नाकाखाली नसून शेपटीखाली असतं ते. स्की बहुधा अशाच विमानांना लावतात. यासाठी वेगळी परीक्षा नाही, शिक्षकाने तुमच्या उड्डाणवहीत सही केली की झालं. ती सही मिळवायला मला ९ तास लागले. जमिनीवर हे विमान सरळ चालायला तयार नसतं. जरा लक्ष हटलं की शेपूट पुढे यायला बघते. पहिल्या तीन दिवसांत पायांच्या पोटऱ्या इतक्या दुखल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा.

आणि स्कीसाठी? कायद्याने काहीच लागत नाही. वेगळा परवाना नाही, सहीसुद्धा नाही. हे कळल्यावर मला हायसं वाटलं, पण खरी अडचण पुढे होती. स्की लावलेलं विमान एकटीला भाड्याने द्यायला जवळजवळ कुणीच तयार नसतं, कारण विमा मिळत नाही. मी ऑक्टोबरपासून सात ठिकाणी फोन केले. कुणी म्हणालं शिक्षक नाही, कुणी म्हणालं मार्चपर्यंत जागा नाही, एका ठिकाणी आगाऊ रक्कम घेतली आणि ती परत मिळवायला मला सहा आठवडे लागले. पावतीशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. शेवटी एक वयस्कर शिक्षक भेटले. स्वतःचं सुपर कब विमान, स्वतःचा विमा, चाळीसेक हिवाळ्यांचा अनुभव. त्यांच्या अटी तीन होत्या. विमान आणि शिक्षक मिळून तासाला ३३० डॉलर. उणे २९ अंशांच्या खाली उडायचं नाही. आणि इंजिन तापवण्यापासून विमान बांधून ठेवण्यापर्यंत सगळी कामं मी करायची, त्या वेळेचे पैसे ते घेणार नाहीत. "हवेतलं शिकवायला फार वेळ लागत नाही," ते म्हणाले. मी एक छोटी वही केली आणि तिच्यात दोन रकाने आखले: जमिनीवर, हवेत.

४ फेब्रुवारी २०२५, पहिला दिवस. उणे २४ अंश. विमान विजेची सोय नसलेल्या जागी उभं होतं, कारण तापवणं कसं असतं ते मला शिकवायचं त्यांनी ठरवलं होतं. इंजिनावर गोधडीसारखं जाड आवरण. खाली पेट्रोलवर चालणारी शेगडी आणि तिची ऊब वर नेणारं पत्र्याचं नळकांडं. शेगडी पेटवून निघून जायचं नाही, हा पहिला धडा. आवरणाला ठिणगी लागून विमानं जळली आहेत. आग विझवायची नळी हाताशी ठेवून मी तिथेच उभी राहिले. ५५ मिनिटं. थंडीत इंजिनाचं तेल डिंकासारखं होतं. तसंच इंजिन फिरवलं तर तेल पोचायच्या आत धातूवर धातू घासला जातो. दर दहा मिनिटांनी शिक्षक मला विमानाच्या पुढच्या पंख्याजवळच्या भागाला हात लावून बघायला सांगत. सिलिंडर लवकर गरम होतात, तेलाला वेळ लागतो, आणि घाई करणारा माणूस नेमका सिलिंडरला हात लावून फसतो.

आयल्सनच्या काळी विमान उतरलं की वैमानिकाचं पहिलं काम ठरलेलं असे. इंजिन गरम असतानाच त्यातलं सगळं तेल डब्यात काढून घ्यायचं. पुन्हा उडायचं तेव्हा ते तेल शेगडीवर तापवायचं आणि गरम गरम ओतायचं. १५ एप्रिल १९२८ ला अलास्काच्या उत्तर टोकावरच्या पॉइंट बॅरोहून निघून तो आणि विल्किन्स २० तास २० मिनिटांनी नॉर्वेच्या उत्तरेकडल्या स्पिट्सबर्गनजवळच्या एका निर्जन बेटावर वादळात उतरले. लॉकहीड व्हेगा विमान, सुमारे ३,५०० किलोमीटरचा प्रवास, विमानाने तोवर कुणी न केलेला. वीस तास विमान चालवून झाल्यावर, वादळात, बेट कुठलं हेही ठाऊक नसताना, त्यांनी तेल काढून घेतलं. पुस्तकात मी हे वाक्य सहज ओलांडून गेले होते. शेगडीजवळ ५५ मिनिटं उभी राहिल्यावर ते मला पुन्हा आठवलं.

त्या दिवशीची वहीतली नोंद अशी आहे: जमिनीवर ३ तास १० मिनिटं, हवेत ४०.

कपड्यांबद्दल दोन शब्द. विमानाच्या हीटरवर विसंबून राहू नका. जिथे उतरू तिथे रात्र काढता येईल असे कपडे अंगावर असावेत, पिशवीत नव्हे. हातात आधी पातळ लोकरीचे मोजे, त्यावर चारही बोटं एकत्र राहतील असे मोठे हातमोजे, आणि ते गळ्यात दोरीने अडकवलेले, म्हणजे वाऱ्याने उडत नाहीत. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेर ठेवला तर दहा मिनिटांत बंद पडतो. बरोबर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. अलास्कात विमानात जीव वाचवायचं सामान बाळगणं कायद्यानेच सक्तीचं आहे. माझ्या पिशवीत कुऱ्हाड, झोपायची पिशवी, बर्फावरचे जोडे, काडेपेट्या, भांडं आणि आठवड्याचा शिधा असतो. शिध्यात भाजलेले शेंगदाणे, गूळ, आणि तुपात परतून ठेवलेलं सातूचं पीठ, त्यावर गरम पाणी ओतलं की जेवण. पिशवी पहिल्यांदा भरून झाली तेव्हा १९२४ ची ती यादी काढून शेजारी ठेवली. बंदूक आणि ५ गॅलन तेल सोडलं तर दोन्ही जवळपास सारख्याच होत्या.

पुढचे दोन आठवडे एकही उड्डाण झालं नाही. ६ फेब्रुवारीपासून पारा उणे ३५ च्या खाली गेला आणि गावावर बर्फाचं धुकं बसलं. अशा थंडीत गाड्यांच्या आणि धुराड्यांच्या वाफेचेच कण होऊन हवेत तरंगतात, समोरचं घर दिसत नाही. रोज पहाटे साडेपाचला उठून तापमान बघायचं, शिक्षकांना संदेश टाकायचा, 'आज नको' असं उत्तर यायचं. नोकरीवर मी सकाळच्या रजा मागून ठेवल्या होत्या, त्या अशाच गेल्या. चिडचिड व्हायची. १९२६ ते १९२८ अशी तीन वर्षं विल्किन्सच्या माणसांनी फेअरबँक्स आणि बॅरोमध्ये अशाच वाट बघण्यात घालवली, आणि त्यांच्यामागे पैसे देणाऱ्यांचा आणि वर्तमानपत्रांचा तगादा होता. मार्च १९२६ मध्ये, इथेच फेअरबँक्सला, विमानांच्या नामकरणाच्या दिवशी मोहिमेबरोबर आलेला एक वार्ताहर फिरत्या पंख्यात सापडून गेला. शिक्षकांनी मला पंख्याच्या पुढून चालायची मनाईच केली होती. इंजिन बंद असलं तरी मागून वळसा घालून जायचं. ही मनाई का, ते मला त्या थांबलेल्या दिवसांत वाचताना कळलं.

२० फेब्रुवारीला हवा उघडली. उणे १९. दिवस आता सहा-सात मिनिटांनी वाढत होता. त्या दिवशी मी बोट गमावता गमावता राहिले.

उडण्याआधी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना हे बघतात. ते काढताना माझ्या उजव्या हाताच्या पातळ मोज्यावर थोडं सांडलं. पेट्रोल त्या थंडीत गोठत नाही. हवेइतकंच थंड राहून ते कातडीवरून झपाट्याने उडतं आणि उरलीसुरली ऊब घेऊन जातं. आधी जळल्यासारखं वाटलं, मग काहीच वाटेना. मोजा काढला तर मधली दोन बोटं टोकाला मेणासारखी पांढरी. शिक्षकांनी माझा हात ओढून स्वतःच्या कोटाच्या आत, काखेत धरला आणि दहा मिनिटं सोडला नाही. रक्त परत आलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. टोकांची कातडी नंतर सोलून निघाली, आणि आजही थंड पाण्यात ती दोन बोटं आधी दुखतात. पेट्रोल हाताळताना रबरी हातमोजे वरून घाला. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

आयल्सनच्या उजव्या हाताचं एक बोट कापावं लागलं होतं. मार्च १९२७ च्या शेवटी तो आणि विल्किन्स स्टिन्सन विमानातून बॅरोच्या वायव्येला समुद्रावरच्या तरंगत्या बर्फाकडे निघाले. इंजिन अडखळू लागलं म्हणून तिथेच बर्फावर उतरले. आयल्सनने थंडीत इंजिन दुरुस्त केलं. बारीक स्क्रू आणि तारा जाड हातमोज्यांनी धरता येत नाहीत, तेव्हा हात उघडे करावेच लागतात. उडाले, पुन्हा उतरावं लागलं, पुन्हा उडाले. रात्री पेट्रोल संपलं आणि अंधारात, वादळात, बंद इंजिनाने त्याने विमान बर्फावर टेकवलं. बोटं तोवर गोठलेली होती. तशा हातांनी त्याने ते सुखरूप उतरवलं, आणि मग दोघं तरंगत्या बर्फावरून दिवसेंदिवस चालत बीची पॉइंटच्या व्यापारी ठाण्यावर पोचले. माझ्या बोटांना तेव्हा उबदार काख मिळाली होती आणि गाडी दोनशे फुटांवर उभी होती.

आता प्रत्यक्ष स्कीचं शिक्षण. स्कीला ब्रेक नसतो, ही मुख्य गोष्ट. इंजिन सुरू झालं की विमान चालायला लागतं, आणि थांबतं ते बर्फाच्या मर्जीने. वळायला जागा भरपूर लागते. उडण्याआधी स्की धरून ठेवणारे रबरी दोर आणि तारा हाताने ओढून बघायच्या. तार तुटली तर हवेत स्कीचं टोक खाली झुकतं आणि मग विमान सांभाळणं कठीण. अनोळखी तळ्यावर थेट उतरायचं नाही. आधी वरून बघायचं, मग स्की नुसत्या टेकवत, इंजिनाचा जोर कायम ठेवून तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत जायचं आणि पुन्हा उडायचं. मग वळून आपल्याच खुणा बघायच्या. खुणा पांढऱ्या राहिल्या तर ठीक. काळपट झाल्या तर खाली पाणी आहे. तळ्यावरचा टणक बर्फ वरच्या भुसभुशीत बर्फाच्या ओझ्याने दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि त्या मऊ थराखाली लपून राहतं. वरून काही दिसत नाही. इथले लोक त्याला ओव्हरफ्लो म्हणतात आणि नाव काढताना आवाज खाली करतात.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे सपाट उजेड. ढगाळ दिवशी सगळीकडून सारखाच प्रकाश येतो, सावली पडत नाही. खाली पांढरं, वर पांढरं, मध्ये रेघ नाही. २७ फेब्रुवारीला मी पहिल्यांदा अशा उजेडात तळ्याच्या मध्यावर उतरायला गेले. मला वाटलं अजून पन्नास फूट आहेत. तेवढ्यात मागच्या सीटवरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढे गेली. शिक्षकांनी विमान उचललं होतं. जमीन पाचच फुटांवर होती. त्यानंतर त्यांनी मला काठाच्या स्प्रूसच्या झाडांना लागून उतरायला शिकवलं. झाडं काळी असतात, त्यांच्या उंचीवरून आपली उंची कळते. झाडं नसतील तिथे पूर्वीचे वैमानिक डहाळ्या टाकून खूण करत.

त्या संध्याकाळी मी आयल्सनचा शेवट वाचला, मुद्दाम मागे ठेवलेला. १९२९ मध्ये नानुक नावाचं व्यापारी जहाज सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर बर्फात अडकलं होतं. त्यावरची माणसं आणि फरची कातडी आणायचं काम त्याने घेतलं. पहिली फेरी नीट झाली. ९ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत तो आणि त्याचा मेकॅनिक अर्ल बोरलंड वादळात नाहीसे झाले. ७७ दिवसांनी, जानेवारी १९३० मध्ये, शोधायला निघालेल्या जो क्रॉसनला बर्फातून वर आलेला पंख दिसला. हा क्रॉसन म्हणजे वर्षभरापूर्वी अंटार्क्टिकाच्या मोहिमेत आयल्सनबरोबरचा दुसरा वैमानिक. आयल्सन ३२ वर्षांचा होता. पुस्तक मिटून मी बराच वेळ स्वयंपाकघरात दिवा न लावता बसले. पाच फूट, एवढंच डोक्यात होतं.

८ मार्चला ओव्हरफ्लो भेटला. घासून बघितलं होतं, खुणा पांढऱ्या होत्या. पण थांबायच्या जागी, खुणांपासून थोडं बाजूला, विमान अचानक जड झालं, जणू कुणी मागून शेपूट धरलं. मी खाली उडी मारली आणि घोट्याच्या वरपर्यंत पाण्याच्या चिखलात गेले. उणे १६ अंश. स्कीच्या कडांना तो चिखल डोळ्यांदेखत गोठत होता. शिक्षक शांतपणे म्हणाले, "आधी तुझे पाय, मग विमान." मी काठावर जाऊन मोजे बदलले, पायांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून पुन्हा बूट घातले. मोज्यांची जादा जोडी आणि दोन पिशव्या, त्या दिवशी पूर्ण सामानात यांच्याइतकं काहीच मोलाचं नव्हतं. मग कुऱ्हाडीने डहाळ्या तोडल्या, फावड्याने चिखल काढला, एकेक स्की उचलून खाली डहाळ्या सरकवल्या, आणि स्कीच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडला. विमानापुढे पन्नासेक पावलांची वाट जोड्यांनी तुडवून तुडवून टणक केली आणि ती गोठायची वाट पाहिली. दर वीस मिनिटांनी इंजिनावरचं आवरण नीट केलं. साडेतीन तास.

निघताना स्की पुन्हा चिकटल्या. शिक्षक आत बसून इंजिनाला जोर देत होते आणि मी पंखाचा आधार धरून विमान हलवत होते. ते सुटलं, चार फूट सरकलं आणि मी मागे राहिले. ते थांबले, मी धावत जाऊन चढले. स्पिट्सबर्गनजवळच्या त्या बेटावर पाच दिवसांनी वादळ ओसरलं तेव्हा विल्किन्स असाच शेपटीमागून ढकलत होता. विमान सुटलं आणि आयल्सन एकटाच उडाला, कारण मागे काय झालं ते त्याला दिसत नव्हतं. वरून बर्फावर माणूस दिसला तेव्हा तो परत उतरला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला विल्किन्स आत लटकून एका पायाने बर्फ रेटत राहिला आणि विमान सुटताच आत पडला. प्रत्येक खेपेला थोडंच उरलेलं पेट्रोल जळत होतं. मागे राहिलेला माणूस त्या आवाजाकडे कसा बघत असेल, याचा अंदाज मला चार फुटांवरून आला.

मार्चच्या उरलेल्या दिवसांत हवा छान होती. अकरा उड्डाणं झाली. २९ मार्चला शिक्षक तळ्यावर उतरले, थर्मासमधला चहा घेऊन एका ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "तीन वेळा उतरून दाखव." मी एकटीने तीन वेळा उतरले. तिसऱ्या वेळी थांबल्यावर मी आपल्याच खुणांवरून एक वळसा घेऊन टणक झालेल्या जागी विमान उभं केलं, खाली उतरून स्कीखाली डहाळ्या घातल्या, आणि मगच त्यांच्याकडे गेले. ते काही बोलले नाहीत. चहाचा कप मात्र पुढे केला.

एप्रिल सुरू झाला तशी थंडीची जागा उबेच्या चिंतेने घेतली. नोव्हेंबर १९२८ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या डिसेप्शन बेटावर आयल्सनचीही हीच गत झाली होती. बंदरातला बर्फ विमान पेलायला कमकुवत निघाला, तेव्हा त्यांनी ज्वालामुखीच्या राखेतून फावड्यांनी वाकडीतिकडी धावपट्टी खणली आणि चाकांवर उडाले. १६ नोव्हेंबरचं अंटार्क्टिकातलं विमानाचं पहिलं उड्डाण त्याच बेटावरून झालं. आमचं तळंही दुपारी काठाकडून करडं पडू लागलं. १२ एप्रिलला सकाळी साडेसहाला, रात्रीच्या थंडीने वरचा थर टणक असतानाच, आम्ही शेवटचे गेलो. परत आल्यावर स्की काढल्या, तळ पुसले, दोर तपासून ठेवले आणि छपरीच्या भिंतीला टांगल्या.

स्कीच्या शिक्षणाचा खर्च ४,१५० डॉलर झाला. टेलव्हीलचा २,९००. घरी येऊन मी त्या छोट्या वहीतली बेरीज केली. हवेत १२ तास ३५ मिनिटं. जमिनीवर ६१ तास. शेवटची ओळ अशी आहे: १२ एप्रिल, उणे ७, इंजिन तापवायला ३० मिनिटं, उड्डाण २५, डहाळ्या परत झाडाखाली ठेवल्या.